दादाच्या वेळची धूळ

छपाईवाल्याने चुकीची फाइल उघडली, एवढंच झालं. पेनड्राइव्हवर शेकड्यांनी फाइली, नावं म्हणजे नुसते आकडे, आणि माझ्या मागे व्हिजिटिंग कार्डांसाठी आलेली दोन माणसं सारखी घड्याळ बघतायत. त्याने माउस दाबला आणि पडद्यावर एक राखाडी पान पसरलं. कोपऱ्यांत जरा काळपट, बाकी सगळं सपाट, आणि त्यावर पाण्याचे थेंब वाळले की मागे राहतात तशी पाच-सहा फिकट वर्तुळं. "हे नको ना?" तो म्हणाला. मी "नको" म्हणाले, कारण खरंच ते नको होतं, पण माझी नजर मधल्या वर्तुळावर जाऊन बसली होती. त्याला खाली डावीकडे एक फट होती, बिस्किटाचा कोपरा दाताने तोडल्यासारखी. ती फट मला पाठ होती. तीन आठवडे रोज झोपताना मी ती मोबाइलवर मोठी करून बघत होते. तेवढ्यात त्याने बरोबर फाइल उघडली आणि माझा फोटो आला: काळं आकाश, मधोमध हिरवट निळं गोल बटण, आणि त्याच्याभोवती, बऱ्याच अंतरावर, श्वास काचेवर पडावा तसं पातळ कडं. कड्याला खाली डावीकडे फट. "भारी आहे," छपाईवाला म्हणाला, "हा काय, डोळा आहे कुणाचा?" मी म्हणाले, तारा आहे, म्हातारा झालेला. "आणि हे भोवतीचं?" या प्रश्नाचं उत्तर मी शाळेच्या हॉलमध्ये अख्ख्या नववी-दहावीसमोर माइक हातात धरून दिलं होतं, हातवारे करून. आता तोंडात जीभ कुणीतरी ठेवून गेल्यासारखी वाटली. "बाहेरचं कडं," मी म्हणाले. "चकचकीत कागद की साधा?" "साधा." आणि यंत्र घरघरायला लागलं. थांबवा म्हणता आलं असतं. फोटो इंचाइंचाने बाहेर येत राहिला, आधी आकाश, मग कड्याची वरची कमान, मग बटण, मग शेवटी ती फट, आणि मी दोन्ही हात पसरून तो झेलायला उभी राहिले, जसं काही झालंच नाही.

गुंडाळी काखेत मारून चालत निघाले. बस होती, पण बसमध्ये उभं राहून तोल सांभाळायचंही जिवावर आलं होतं. मी दमलेलीच असते हल्ली. वर्षभरात सलग झोप म्हणजे फक्त ढगाळ रात्री. वर्गात तिसऱ्या तासाला माझी मान अशी पडते की शेजारची मैत्रीण कोपराने ढोसून म्हणते, "उतर, तुझा स्टॉप आला." पण ते दमणं वेगळं, त्यात एक मिजास असते: तुम्ही झोपलात, मी नाही. आजचं तसं नव्हतं. आज पायांत कुणी वाळू भरली होती. ज्या तेजोमेघाचा हा फोटो, त्याला ग्रहीय म्हणतात आणि त्याचा ग्रहाशी काही संबंध नाही. जुन्या लोकांना लहान दुर्बिणीतून तो गोल दिसला, ग्रहासारखा, म्हणून नाव पडलं ते पडलंच. तारा थकतो, अंगावरचे थर एकेक करून सोडून देतो, आणि मधे उरतो पांढरा, बारीक, अजून तापलेला. दादा त्याला बटण म्हणायचा. "शर्ट उडून गेला आणि बटण राहिलं," म्हणायचा. बटण कुणालाही मिळतं. दादाला हवं होतं ते कडं, ताऱ्याने सगळ्यात आधी, फार पूर्वी सोडलेला थर. इतका फिका की आमच्या बटणाला तो आहे की नाही यावरच दादाला कुठे नीट वाचायला मिळालं नव्हतं. पाच-पाच मिनिटांचे फोटो, रात्रीमागून रात्र, एकावर एक रचायचे, म्हणजे सगळ्यांत असतं ते उरतं आणि एकाच फोटोत आलेलं, विमान म्हणा, किडा म्हणा, पुसलं जातं. दादाने तीस तास जमवले. कडं आलं नाही. मग तो शहर सोडून गेला. मग मी एकोणीस तास जमवले, त्याच्या तीसवर रचले, आणि कडं आलं. मी त्याला काय लिहिलं होतं ते रस्त्याच्या कडेला उभी राहून आत्ता पुन्हा वाचलं. "तुझ्यात नव्हतं, माझ्यात आलं. बघ." पुढे जीभ बाहेर काढलेलं तोंड.

खरं तर चूक समजायला कोणी शास्त्रज्ञ नको. दुर्बीण म्हटली की धूळ आली. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर एक कण बसला तरी फोटोत त्याची गोल सावली पडते, मेदुवड्यासारखी, मधे भोक आणि भोवती चकती. ती घालवायला आम्ही कोरे काढतो. संध्याकाळी, आकाशात उजेड असताना, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून नुसत्या पांढऱ्याचे फोटो. त्यात आकाश नसतं, तारे नसतात, फक्त यंत्राचे स्वतःचे डाग असतात. मग कॉम्प्युटर खऱ्या फोटोंतून तेवढेच डाग उजळून काढतो. अट एकच: धूळ तीच हवी. कॅमेरा काढून पुन्हा लावला, काच पुसली, की जुने कोरे बाद. दादाने हे मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेत म्हणून दाखवेन. पण कोरे काढायचे संध्याकाळी, आणि संध्याकाळी माझा गणिताचा क्लास. आणि शिवाय, हे खरं कारण, मला तेव्हा वाटत होतं की मला सगळं येतं. दादाचे कोरे आहेत की फोल्डरमध्ये, घे लाव. छपाईवाल्याने चुकून उघडला तो त्यांतलाच एक. तर मी दादाच्या वेळच्या धुळीने माझे फोटो साफ केले. भिंतीवर डाग नाहीच, आणि कुणी जीव तोडून तिथेच घासतंय, तर काय होईल? डागाच्या आकाराचा एक उजळ पट्टा उमटेल. चकतीच्या आकाराचा. कड्याच्या आकाराचा. इतकं सोपं. चौकातला सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला आणि मी उभीच. मागून एक सायकलवाला म्हणाला, "ताई, ती गुंडाळी तरी बाजूला घ्या."

घरी कुणी नव्हतं. आमचं घर सातव्या मजल्यावर, वर थेट गच्ची, आणि गच्चीत लिफ्टची खोली, जिची किल्ली बाबांकडे असते, कारण बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, या इमारतीची आणि आसपासच्या अकरा इमारतींची. त्या किल्लीमुळेच आम्हाला आकाश मिळालं. पण लिफ्ट चालली की गच्चीचा कठडा थरथरतो, दुर्बीण थरथरते, आणि त्या पाच मिनिटांतले सगळे तारे छोट्या छोट्या रेघा होतात. असे फोटो बाद. मी ते फेकत नाही, 'लिफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. बारा चाळीसची रेघ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा हॉटेलातला आचारी. चार दहाची म्हणजे बेकरीत जाणारे काका. अकरा वीसची, आठवड्यातून तीनदा, म्हणजे आई. आईची रेघ मला एरवीही ओळखू आली असती असं वाटतं, ती जरा जास्त वेळ चालते, कारण आई दार उघडं धरून ठेवते, कुणी येत असेल तर. दादाच्या तीस तासांत अशा रेघा कमी आहेत. त्याला कारण बाबा. बाबा रात्री दहाला खाली जाऊन लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी अडकवायचे आणि वर येऊन न बोलता टीव्ही लावायचे. दादाने कधी सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमतही नव्हती, तेव्हा तो परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला होता आणि बाबांसमोर भांड्याचा आवाजही करत नव्हता. पाटी बाबांच्या मनाने होती. आवडतं असं म्हणता येत नसेल तर माणूस लिफ्ट बंद करतो, असं काहीतरी. मग एका रात्री पाचव्या मजल्यावरचे आजोबा जिना चढत आले, चौथ्या मजल्यावरचा जिन्यातला बल्ब गेलेला, त्यांचा पाय चुकला आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी खाली पत्रपेट्यांपाशी सगळे जमले. सेक्रेटरी म्हणाले, बिघाड काय होता लिफ्टला? बाबा म्हणाले, "बिघाड नव्हता. पोराने हट्ट धरला." दादा तिथेच उभा होता. त्याने बाबांकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्या चपलांकडे. आठ दिवसांनी तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. त्याला चौदा महिने झाले. आणि मीही तिथे होते. पाटी बांधायला बाबांनी सुतळी मागितली तेव्हा ती मीच आणून दिली होती. पण त्या वेळी माझा आवाज म्हणजे, हजेरीला "हजर" म्हणायचे तर बाईंनी दोनदा गैरहजेरी लावली होती. पत्रपेट्यांपाशी मी काही म्हटलं असतं तरी ते मलाच ऐकू आलं असतं. असं मी स्वतःला सांगते.

लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तीन गोष्टी केल्या, एकेक करत, जसं दुखऱ्या दाताला जीभ लावतात. माझे फोटो कोऱ्यांशिवाय रचले: कडं गेलं. कोरे परत लावले: कडं आलं. मग कोरे उलटे केले, वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे, आणि रचलं. कडं आलं, पण फट आता वर उजवीकडे होती. आकाशातली वस्तू मी मांडीवर कोरे फिरवले म्हणून फिरत नाही. मी झाकण बंद केलं. भिंतीला टेकवलेली गुंडाळी आपोआप थोडी उलगडली होती. आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट भीती वाटली, कारण प्रश्न कड्याचा नव्हताच. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, ठीक आहे, तिथे लोक चहासाठी येतात, त्यांना कडं काय आणि बशी काय. प्रश्न दादाचा होता. दादा रात्रपाळीला एका गोदामात पार्सलं तपासतो. फोनवर त्याचा आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. "हं. बरं. झालं जेवण. ठेवू?" चौदा महिने एवढंच. ज्या रात्री मी कडं पाठवलं, चार मिनिटांत त्याचा फोन आला, मागे गोदामाचे पट्टे खडखडतायत. "मोठं कर. आणखी. फटीपाशी ये. कडं आहे ना गं ते?" मग तो हसला. मी ते हसू विसरले होते, त्यात शेवटी एक शिट्टीसारखं काहीतरी असतं. "प्रदर्शन कधी म्हणालीस? मी येतो. शनिवारी निघतो." मी म्हणाले, बाबा असतील. "असू देत. मला हे मोठं छापलेलं बघायचंय." चौदा महिन्यांत आई रडून झाली, मी रुसून झाले, तो आला नाही. कड्यासाठी येणार होता. आज गुरुवार. शनिवारपर्यंत तोंड बंद ठेवलं की दादा घरात. एवढाच तर हिशोब. आणि नंतर? नंतर तो फोल्डर उघडणार, अर्ध्या तासात. आणि त्याच्या तोंडावर ते येणार, माझ्या चपलांकडे बघतानाचं.

आई अकरा वीसला आली. मी लिफ्टचा आवाज ऐकत स्वयंपाकघरात बसले होते. आई एक्स-रे काढते, मोठ्या दवाखान्यात, आणि घरी येऊन पहिलं काम म्हणजे दिवा मंद करते, दिवसभर उजेडाच्या पेटीपुढे उभं राहून डोळे चरचरतात म्हणून. ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर बसली. "आज गच्ची नाही?" मी मान हलवली. मग विचारलं, "आई, त्या वेणीचं काय झालं होतं गं?" वेणीची गोष्ट आमच्याकडे जुनी आहे. आई नवीन होती तेव्हा एका बाईची वेणी पुढे खांद्यावर राहिली आणि फोटोत फुप्फुसावर ढग आला. "काय व्हायचंय. बाई घरी गेली, कागदावर डाग लिहिला गेला, आणि मला रात्री भात वाढताना आठवलं की तिचे केस लांब होते." "मग?" "मग काय, हात धुतला आणि फोन लावला. नवऱ्याने उचलला." "पण ती तर चांगली बातमी होती. डाग नाही म्हणून सांगायचं होतं तुला." आईने तांब्या खाली ठेवला. "तुला काय वाटतं, त्याने आभार मानले? इतकं बोलला, इतकं बोलला. बातमी चांगली का वाईट ते मग बघायचं. डाग त्यांचा नव्हता, माझा होता, एवढं सांगायचं. नाहीतर माणसं आपल्या चुकीशेजारी उशी घेऊन झोपतात." तिने माझ्याकडे नीट बघितलं, उजेडाच्या पेटीवर बघते तसं. "काय केलंयस?" "धुळीचं आहे काहीतरी." "मग पूस आणि झोप," आई म्हणाली आणि उठली. दारातून परत वळली. "शनिवारी येतोय ना तो? त्याची गादी उन्हात टाकायचीय." मी हं म्हणाले.

मला वाटायचं, आवाज आला म्हणजे आला. दात येतात तसा. फोटो सरांना दाखवला, सरांनी हॉलमध्ये बोलायला लावलं, मी बोलले, कोणी हसलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडले आणि जिंकले. तेव्हापासून मी वर्गात हात वर न करताच बोलते. मैत्रीण म्हणते, तुला आता चालू करायचं बटण आहे, पण बंद करायचं नाहीये. आणि हे सगळं एका धुळीच्या कणावर उभं होतं, तोही माझा नाही. कणाबरोबर आवाजही जाणार का, हे मी अंधारात पडून तपासत होते, हलकेच "हजर" म्हणून बघत होते. ऐकू येत होतं. दोन वाजता फोन घेतला. आधी लिहिलं, "एक छोटीशी गडबड झाली आहे." पुसलं. छोटीशी म्हणजे काय, किती छोटीशी. मग लिहिलं: "कडं खोटं आहे. तुझे जुने कोरे माझ्या फोटोंना लावले. काच मी मधे पुसली होती. ती तुझ्या वेळची धूळ आहे. चूक माझी." आणि मग, अंगठा थांबेना म्हणून: "पत्रपेट्यांपाशी बाबा तुझ्याबद्दल खोटं बोलले, तेव्हाही मी गप्प बसले होते. सुतळी मी दिली होती." पाठवलं. त्याचा फोन पाळीत लॉकरमध्ये असतो. सकाळी सव्वासहाला दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वर 'टाइप करत आहे' आलं, गेलं, आलं, गेलं. मग काहीच नाही. मी दात घासताना, बूट घालताना, पहिल्या तासाला बाकाखाली बघत राहिले. मधल्या सुट्टीत सरांना सांगितलं. सर चहा पीत होते, त्यांनी डोळे मिटले, ते माझ्याहून दमलेले असतात. "अगं, कडं तर पत्रकात छापलंय." मी म्हणाले, हो सर. "मग आता काय लावणार?" "बटण. आणि कडं कसं खोटं निघालं ते सांगेन." "लोकांसमोर? तू?" "हो." त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "सांग बाई. निदान कोणी झोपणार तरी नाही."

संध्याकाळी क्लास बुडवला. सहा वाजता गच्चीवर, आकाश अजून दुधासारखं, मी आईचा जुना पांढरा एप्रन दुर्बिणीच्या तोंडावर ताणत होते आणि तो एका बाजूने धरला की दुसऱ्या बाजूने सुटत होता. कोऱ्याला सुरकुती चालत नाही. लिफ्टच्या खोलीतून बाबा बाहेर आले, हातांना ग्रीस, काखेत पिशवी. उभे राहून बघत राहिले. चौदा महिन्यांत ते दुर्बिणीजवळ आले नव्हते; गच्चीवर आले तरी तिच्याकडे पाठ करून जायचे, जसं एखाद्या पाहुण्याशी बोलणं टाकलंय. "हात पुसा आधी," मी म्हणाले. त्यांनी पुसले, पँटीला. मग एप्रनची एक बाजू धरली. "हे कशाला?" मी सांगितलं. सगळं, डाग, सावली, नसलेला डाग पुसणं. बाबांना यंत्राचं एकदा सांगितलं की पुरतं. "म्हणजे गेल्या वर्षीची झीज बघून यंदा तेल घातलंस." "तसंच." "म्हणजे चूक तुझी." "हो." कॅमेरा खट् खट् करत होता. चाळीस कोरे काढायचे होते, हलायचं नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांसमोर, मधे दुर्बीण, कापड ताणून, देवाणघेवाण अडलेल्या माणसांसारखे उभे. "त्याला सांगितलंस?" "रात्रीच." "काय म्हणाला?" "काही नाही. लिहीत होता, थांबला." "येत नाही म्हणजे." "माहीत नाही." बारा, तेरा, चौदा. खाली कुणाच्या तरी घरात भांडी पडली. मग बाबा कापडाकडे बघत म्हणाले, "पाटीचं त्याने सांगितलं नव्हतं. तेव्हा." मी म्हणाले, "माहीत आहे." "तुला कसं माहीत?" "बाबा, सुतळी मीच दिली होती तुम्हाला." त्यांचा हात ढिला पडला, एप्रनला सुरकुती आली. तो कोरा बाद झाला. त्यांनी पुन्हा ताणून धरलं, आधीपेक्षा घट्ट, बोटांची नखं पांढरी होईपर्यंत. "त्या दिवशी सगळे बघत होते माझ्याकडे," ते म्हणाले. एवढंच.

चाळीस झाले. मी तिथेच कठड्याला टेकून नव्या कोऱ्यांनी रचून बघितलं. बाबा मागे उभे. बटण आलं, स्वच्छ, एकटं. भोवती काही नाही. नुसतं आकाश, जरा रवाळ. "आहे की चांगलं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मग खरं कडं आहे की नाहीच?" "माहीत नाही. आणखी फोटो हवेत." "किती?" "उद्या रात्री चार तास लिफ्ट हलली नाही तर काहीतरी कळेल. हलली तर वर्ष लागेल." मी सहज म्हटलं होतं, गणित म्हणून. बाबा लिफ्टच्या खोलीत गेले आणि ती जुनी पाटी घेऊन आले. तिला अजून ती सुतळी होती. पाटी उलटी केली, मागची कोरी बाजू पुढे घेतली, पिशवीतून जाड पेन काढलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागले, त्यांच्या त्या चौकोनी अक्षरांत, ज्यांत ते तेलाच्या डब्यांवर तारखा लिहितात. मी वाकून वाचलं. 'शनिवारी रात्री दहा ते दोन लिफ्ट बंद. बिघाड नाही. गच्चीवर आकाशाचे फोटो काढायचे आहेत. कोणाला चढणं जमत नसेल तर मला हाक मारा, लगेच चालू करतो. हे मी ठरवलं आहे, मुलांनी नाही. मागच्या वेळीही मीच.' खाली, 'लिफ्टवाला, सातवा मजला.' शेवटची ओळ लिहिताना पेन सुकलं होतं, त्यांनी ती दोनदा गिरवली. "सेक्रेटरी काय म्हणतील?" मी म्हणाले. "म्हणू दे की. पाचव्या मजल्यावर मी आधी जाऊन येतो, आजोबांना विचारतो." मी पाटीचा फोटो काढला. बाबांनी अडवलं नाही, उलट सुतळी मधे येत होती ती बाजूला धरली. दादाला पाठवला, एक अक्षर न लिहिता. लिहायचं काय, सगळं लिहिलेलंच होतं.

अंधार पडला. पहिले दोन तारे आले, तेच नेहमीचे, मला त्यांची नावं आठवेनात इतकी मी दमले होते. बाबाही कठड्यावर बसून राहिले, पिशवी पायाशी. आम्हा दोघांना उठायचं होतं आणि कोणी उठत नव्हतं. फोन थरथरला. "माझी गाडी शनिवारी रात्री अकराला पोचते," दादाने लिहिलं होतं. आणि लगेच दुसरं: "म्हणजे बॅग घेऊन सात मजले चढायचे." आणि तिसरं: "हे त्यांनी मुद्दाम केलंय का विचार." मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी तो लांब धरून, डोळे बारीक करून वाचला, एकदा, मग पुन्हा, ओठ हलवत. "अकराला?" ते म्हणाले. मी म्हणाले, हो. "विचारलंय त्याने काहीतरी." "वाचलं मी." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. वाकून पिशवीत हात घातला, चाचपत राहिले, आणि एक बल्ब काढला, पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. दुसरा काढला. कानाशी हलवून बघितले, आतली तार वाजते का. मग गच्चीचं दार उघडून जिन्याने खाली गेले, लिफ्टने नाही. त्यांच्या चपला वाजत राहिल्या, सातवा, सहावा, पाचवा. तिथे एक दार वाजलं, काही बोलणं झालं, मला शब्द कळले नाहीत, आजोबांचा खोकला तेवढा कळला. मग पुन्हा चपला. मग शांत. मग गच्चीच्या दाराच्या चौकटीत, खालून, पिवळट उजेडाचा एक हात वर आला आणि दुर्बिणीच्या पायाशी येऊन थांबला.

"वर येतोय का गं उजेड?" बाबांनी चौथ्या मजल्यावरून हाक मारली. "तुझ्या फोटोला चालेल ना?"

"थोडा येतोय," मी कठड्यावरून वाकून, पूर्ण आवाजात म्हणाले. "राहू दे."